मामा, मग मी सुटलो ना?

'गॅजेट मुळात बेकायदा असेल तर त्याच्या मालकाला कोर्टाची दारं बंद, म्हणून बिनधास्त नक्कल करा.' हा मेसेज फिरत फिरत भाच्याकडे पोचला आणि त्याने मला पाठवला. खाली, "मामा, मग मी सुटलो ना?" एका मॉडचिपमधला (गेम कन्सोलचं कुलूप चुकवणारी चिप) प्रोग्राम त्याने जसाच्या तसा उतरवून आपल्या बोर्डावर चढवलाय. सुटला म्हणे!

मेसेजचा सगळा डोलारा इंग्लंडमधल्या १७२५च्या खटल्यावर उभा आहे. एका वाटमाऱ्याने लुटीचा हिशेब मागायला साथीदारावर दावा लावला आणि कोर्टाने तो फेटाळला. हे खरं. पण वकिलांना प्रत्येकी ५० पौंड दंड झाला आणि पुढे दोघेही वाटमारे फासावर गेले, हे खुबीने गाळलंय. बेकायदा धंद्यातला बुडालेला नफा मागायला गेलात तर आजही बहुधा हात हलवत परत याल, एवढं कबूल.

पण मेसेजमधला पुढचा दावा, 'असल्या वस्तूला पेटंटच मिळत नाही'? अमेरिकेतला १९९९चा ज्यूसी व्हिप खटला बघा. यंत्राच्या वरच्या पारदर्शक भांड्यात सरबत घुसळताना दिसतं. ग्लासात पडतं ते मात्र आत आयत्या वेळी मिसळलेलं सिरप आणि पाणी. खालच्या कोर्टाने 'ही तर फसवणूक' म्हणून पेटंट रद्दबातल ठरवलं, अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. आणि दावा लावला होता कोणावर? नक्कल केल्याचा आरोप असलेल्यावर! प्रोग्रामचं तर विचारूच नका, कॉपीराइट लिहिल्याक्षणी लागू होतो, नोंदणीसाठी अडत नाही.

'गुन्हा मूळ बनवणाऱ्याचाच', हेही थोतांड. सिग्नल बंद पाडणारा जॅमर विकायला बंदी असेल तर नक्कल विकणाराही तितकाच अडकतो.

खरा संताप आला तो शेवटच्या ओळीने: 'कोर्ट नाही, म्हणून मालक नकली माल परस्पर निकामी करू शकतो.' २०१४च्या सुरुवातीला निन्टेन्डो थ्रीडीएस या गेम कन्सोलवर चोरटे गेम चालवणाऱ्या 'गेटवे' कार्डाच्या अपडेटमध्ये नकली कार्डांसाठी असाच सापळा निघाला. कायमचे बंद पडले ते ग्राहकांचे कन्सोल. नक्कल करणाऱ्याचे पैसे तर केव्हाच खिशात गेले होते. वर अस्सल कार्डवाल्यांच्याही तक्रारी आल्या. दुसऱ्याचं यंत्र मुद्दाम बिघडवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, त्याला 'मुभा' कसली?

भाच्याला विचारलं, उतरवलेल्या प्रोग्राममध्ये असलं काही नाही ना?

"वाचला कुठेय मी तो."