तीन डायऱ्या आणि एक पोस्टर

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर आलं. ‘होलिस्टिक थेरपी. ७ दिवसांत एडीएचडी, एंग्झायटी गायब. गोळ्यांशिवाय!’ (एडीएचडी म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवणं, कामं वेळेत लावणं अवघड जाणं; एंग्झायटी म्हणजे सततची चिंता.) खाली धडाधड अंगठे. हातातला चहा कडू झाला.

लगेच आठवली ती माझ्याकडे आलेली तीन डायऱ्यांवाली. (तिला विचारून लिहितेय.) चाळिशीतली, कोथरूडची. तिन्ही डायऱ्या ९-१० जानेवारीपर्यंत मोत्यासारख्या अक्षरात, पुढे कोऱ्या. सासूबाई होत्या तोवर दूध, गॅस, लाइट बिल, कुणाचा डबा कधी, सगळं त्या चालवायच्या. त्या गेल्या आणि घरातलं घड्याळच गेलं. मग रात्री ३ला छातीत धडधड. सगळे म्हणाले, टेन्शन घेतेस फार.

धडधड खरीच होती हो. पण मूळ दुखणं जुनं, एडीएचडीचं. एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, म्हणून तपासताना आम्ही शाळेचं प्रगतिपुस्तक मागतो. तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता: ‘हुशार, पण वस्तू हरवते.’

होलिस्टिक म्हणजे समग्र ना? मग त्यातून गोळी वगळली कुणी? आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन बघा. झोपेत घोरणं, पाळीतले बदल विचारा. थायरॉइड बिघडलं तरी लक्ष उडतं. एडीएचडीची गोळी मेथिलफेनिडेट म्हणजे काही चणेफुटाणे नाहीत: चिठ्ठी दोन प्रतींत, एक केमिस्ट ठेवून घेतो. अ‍ॅटोमोक्सेटिन या दुसऱ्या औषधाला गुण यायला काही आठवडे लागतात, लोक दहाव्या दिवशी सोडतात. भूक मरते, कुणाची झोप उडते, मान्य. त्यासाठी डॉक्टर बीपी, नाडी, डोस बघतात.

बाकीचं कामही कंटाळवाणंच. डायरी मिटली की ती अशा माणसासाठी नसतेच. म्हणून दाराच्या आत, चपलांच्या वर पांढरा बोर्ड, त्यावर फक्त ३ कामं. ‘लाइट बिल’ असं लिहायचं नाही. ‘महावितरणचं अ‍ॅप उघड’ असं लिहायचं. निघायचे अलार्म दोन: पहिला हातातलं थांबवायला, दुसरा चप्पल घालायला. एकच लावला की माणूस तो बंद करून पुन्हा मोबाइलमध्ये. अंदाज २० मिनिटांचा असेल तर ३० धरा. नावडतं काम कुणाच्या तरी शेजारी बसून, २५ मिनिटं. उठायची वेळ रविवारीही तीच.

योगाने, श्वासाने बरं वाटतं, नाही कोण म्हणतं? ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. पण पहिल्याच दिवशी डोळे मिटून अर्धा तास बसवलं की ही माणसं ‘मला हेही जमत नाही’ म्हणत उठतात. त्यापेक्षा हनुमान टेकडी चढू दे.

तिलाही कुणीतरी असंच बसवलं होतं. डायऱ्या दाखवताना म्हणाली, “मी आळशी आहे हो.” ४० वर्षं तेच ऐकलेलं. शेवटी मीच थोडा वेळ गप्प बसले.

आता बोर्डावर दूधवाल्याचा हिशोबही असतो. परवा दोन दिवस चुकला. तिने बोटाने पुसला आणि पुन्हा लिहिला.

पोस्टर परत उघडून पाहिलं. फी ठळक आहे. थेरपी देणाऱ्याची पदवी कुठेच नाही.