यहुद्यांना दिलेली वचनं देवाने मागे घेतलेली नाहीत

"यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, म्हणून देवाने त्यांना दिलेली सगळी वचनं काढून मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला दिली. खरे इस्राएल आता आपण." हा मजकूर ख्रिस्ती गटांमध्ये फिरत असतो. खाली बायबलमधले तीन संदर्भ दिलेले असतात, ते फारसं कुणी उघडून पाहत नाही.

पहिला, मत्तय २१:४३. देवाचं राज्य तुमच्याकडून काढून घेतलं जाईल, असं येशू म्हणतो, पण कुणाला? दोनच ओळी पुढे वाचा. मुख्य याजक आणि परूशी (यहुद्यांचे धर्मपुढारी) यांना कळलं की हा आपल्याबद्दलच बोलतोय. त्यांना त्याला धरायचं होतं, पण ते लोकांना भ्याले, कारण लोक येशूला संदेष्टा मानत होते. ते लोकही यहुदीच! पुढाऱ्यांवरचा ठपका अख्ख्या समाजाच्या माथी मारायचा कशाच्या आधारावर?

दुसरा, इब्री ८:१३, देवाने मोशेमार्फत इस्राएलाशी केलेला पहिला करार जुना झाला. इथे विषय याजकपद, उपासनेचा मंडप आणि यज्ञांचा आहे. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला दिलेलं वचन देवाने शपथ वाहून पक्कं केलं, असं हेच पत्र सहाव्या अध्यायात सांगतं. आणि या पत्रातला नव्या कराराचा उतारा घेतलाय यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, अध्याय ३१ मधून. तो करार इस्राएल आणि यहूदा या घराण्यांशीच आहे. सूर्य, चंद्र, ताऱ्यांचे नियम ढळले तरच इस्राएलाचं राष्ट्र संपेल, असं यिर्मया लगेच पुढे म्हणतो.

तिसरा, गलती ३:२९. ख्रिस्ताचे ते अब्राहामाचे वारस, हे मान्यच. पण नवे वारस आले म्हणून आधीचे बेदखल होत नाहीत. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात बिगरयहुदी विश्वासणाऱ्यांना बजावतो: तुम्ही इस्राएलाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी जैतुनाच्या फांद्या, मूळ तुम्हाला धरून आहे, फुशारकी मारू नका.

ही फुशारकी महागात पडली, आणि किंमत यहुद्यांनी मोजली. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याच्या लिखाणात 'खरे इस्राएल आपणच' ही शिकवण दिसते. १५४३ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर सिनेगॉग (यहुद्यांची प्रार्थनास्थळं) जाळा असं लिहिलं. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, यहुदी देवाने टाकलेले आहेत असं म्हणू नये हे स्पष्ट केलं, तेही रोमकरांच्या याच अध्यायाचा आधार घेऊन.

मग आजच्या इस्राएल सरकारचा प्रत्येक निर्णय डोळे मिटून उचलून धरायचा का? तसंही नाही. आमोस ३:२ मध्ये देव म्हणतो, सगळ्या कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्या अपराधांचा जाब तुम्हालाच विचारीन.