कोवळ्या उन्हाने भागत नाही

लेखात ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमसाठी ‘सकाळचं कोवळं ऊन आणि एक ग्लास दूध पुरे’ असं म्हटलंय, ते पटलं नाही. गोदाकाठी सहाला फिरणं उत्तम, पण त्या उन्हात यूव्हीबी, म्हणजे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण, जवळपास नसतात. ड जीवनसत्त्वासाठी अकरा ते दोनमधलं ऊन उघड्या हातापायांवर हवं. काचेआडचं चालत नाही.

प्रौढांना रोज १००० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. २०० मिली गाईच्या दुधातून साधारण २४० मिळतं, १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास.

गोळीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ लिहिलेलं असलं तरी त्यात कॅल्शियम ५००च! ती जेवणासोबत घ्यावी. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब, नाहीतर थायरॉईडचं औषध नीट शोषलं जात नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला असते, रोजची नव्हे, आणि तीही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच.