लाकडी गज मऊ असतो, म्हणून सुरक्षित असतो?

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, रायफली अमेरिकेत आजही हौसेनं उडवल्या जातात. अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी त्यांचा वेगळा हंगाम असतो. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी तर १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं स्वतःचं मैदान आहे. या छंदात नव्यानं पडलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो देणारा सहसा ठाम असतो. सल्ला गोळी ठासायच्या गजाबद्दल असतो, साधारण असा: ‘गज लाकडीच घ्या. धातूचा गज नळीतल्या खाचा खातो, वर ठिणगी पाडतो. लाकूड मऊ, तुटलं तरी कुणाला इजा नाही. तेलात मुरवलं की ते तुटतही नाही. जुने शिकारी हिकरीचाच गज वापरायचे, ते काय वेडे होते?’

यातलं निम्मं अर्धसत्य आहे आणि एक वाक्य धोकादायक आहे.

आधी गजाचं काम काय ते पाहू. नळीच्या तोंडातून मोजून काळी दारू ओतायची, त्यावर वंगण लावलेल्या कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी ठेवायची आणि ती गजानं बुडापर्यंत ढकलायची. कोकणातली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. फरक असा की त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तर रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात आणि चकती त्या खाचांत घट्ट बसावी लागते. अर्ध्या इंचाच्या नळीत ०.४९ इंचाची गोळी आणि उरलेल्या फटीत जाड कापड, असा हा मामला असतो. त्यामुळे गजावर खरोखर जोर येतो.

आता ‘धातू खाचा खातो’ हा आरोप. त्याला आधार आहे, पण जागा चुकली आहे. गज नळीच्या आत फारसा घासतच नाही. पुढे जॅग (पुसायची चकती धरणारं टोक) किंवा चकती असते, तीच नळीत बसते. गज घासतो तो तोंडाच्या कडेला, कारण आपण तो वाकडा धरून ढकलतो. ती कड एका बाजूनं झिजली की गोळी बाहेर पडताना एका बाजूनं आधी सुटते आणि नेम बिघडतो. पोलादी गज वर्षानुवर्षं तिरका चालवला तर हे होतं, हे मान्य. उपायही जुनाच आहे: गजावर सरकणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची बाही, जिला सगळे मझल गाइड म्हणतात. ती तोंडात बसवली की गज मधोमध राहतो, मग तो कशाचाही असो. गज पितळेचा असेल तर तो नळीच्या पोलादापेक्षा मऊच असतो.

उलट लाकडाचा मऊपणा इथे आड येतो. काळ्या दारूच्या जळण्यातून अर्ध्याहून जास्त वजन घनरूपात मागे उरतं, धुरात आणि नळीच्या भिंतींवर. त्या काजळीचे कण आणि मैदानावरची धूळ लाकडात रुतून बसते. पितळ किंवा पोलाद फडक्यानं पुसलं की स्वच्छ होतं, लाकूड होत नाही. रुतलेल्या वाळूसकट तो गज नंतर कडेवर घासत राहतो.

इतिहासही या आरोपाच्या बाजूनं बोलत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफली हिकरीच्या गजानंच भरल्या जात. तरीही झिजलेल्या आणि गंजलेल्या नळीच्या खाचा पुन्हा खोल कापून देणं हे तिथल्या बंदूक-कारागिरांचं नेहमीचं काम होतं. दर वेळी नळी किंचित रुंद व्हायची आणि गोळीचा साचाही त्याप्रमाणे मोठा करावा लागायचा. लाकडानं नळी वाचत असती तर या कामाला गिऱ्हाईक मिळालं नसतं. त्या नळ्या मऊ घडीव लोखंडाच्या होत्या आणि त्यांचा मोठा शत्रू गंज होता. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. संध्याकाळी नळी धुतली नाही तर गज चंदनाचा असला तरी काय उपयोग?

ठिणगीचा मुद्दा लवकर उरकतो. गज दारूला शिवत नाही, मध्ये गोळी आणि चकती असते. पितळ तर ठिणगी न पाडणारा धातू म्हणूनच ओळखलं जातं, दारूच्या कारखान्यांत तांब्या-पितळेची अवजारं त्याचसाठी वापरतात. भरताना बार उडण्याचं खरं कारण आधीच्या बाराचा नळीत धुमसत राहिलेला निखारा. त्यासाठी दोन बारांमध्ये ओलसर चकती फिरवायची, दारू शिंगातून थेट न ओतता मापातून ओतायची आणि तोंडावर वाकून उभं राहायचं नाही. निखाऱ्याला गज लाकडाचा की लोखंडाचा हे कळत नाही.

आता ते धोकादायक वाक्य: ‘तुटलं तरी इजा नाही.’

लाकडी गज आडवा तुटत नाही. तो तंतूंच्या रेषेनं तिरका चिरतो आणि दोन्ही तुकड्यांना भाल्यासारखं टोक येतं. खालचा तुकडा घट्ट बसलेल्या गोळीवर उभा असतो, म्हणजे त्याला मागे सरायला जागा नसते. वरून आपला हात सगळा जोर लावून खाली येत असतो. गज मोडतो त्या क्षणी हात थांबवणं कुणालाच जमत नाही. टोक तळहातात शिरतं किंवा मनगटाच्या वर. गजामुळे होणाऱ्या जखमांमध्ये या जखमेचा धाक जाणकारांना सर्वात जास्त वाटतो, आणि ‘मऊ’ म्हणून निर्धास्त झालेला नवखा नेमका गजाच्या वरच्या टोकाला धरून जोर करतो.

यामागचं गणितही सोपं आहे. काठीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. पाऊण सेंटिमीटरच्या थोडा वर, म्हणजे ८ मिलिमीटरचा गज ३२ ते ४० कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात मोजलेला नळीचा व्यास) बारीक नळ्यांत जातो. ५० कॅलिबरला साडेनऊ मिलिमीटरचा चालतो. फरक दीड मिलिमीटरचा, पण बारीक गजाचा ताठपणा निम्माच भरतो. त्याच जाडीचा पोलादी गज हिकरीच्या दहापटीहून जास्त ताठ असतो. म्हणून खारी टिपायच्या ३२ कॅलिबरच्या रायफलीसाठी मैदानावर लाकडी गज वापरावा असं मी कुणालाही सांगणार नाही. धातूचा गज फार तर वाकतो. अॅल्युमिनियमचा वाकला की वाकडाच राहतो, हा त्याचा दोष, पण त्याचं भालं होत नाही.

लाकूड वापरायचंच तर हात नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि छोट्या छोट्या टप्प्यांत ढकलावं. पण हा नियम धातूच्या गजालाही लागू आहे.

तेलात मुरवण्याबद्दल तर अक्षरशः पाककृती फिरतात: केरोसीन, जवसाचं तेल, आणखी कुणाचं काही. तेलानं लाकडात पाणी शिरायचं कमी होतं. हा फायदा खरा आहे, कारण पावसात फुगलेला गज रायफलीखालच्या कड्यांत अडकून बसतो. पण रेषा तिरकी गेली असेल तर ती तेलानं सरळ होत नाही, आणि गज मोडतो तो तिथेच. गजाची ताकद ठरते लाकूड फाडून काढलं की करवतीनं कापलं यावर. फाडलं तर चीर तंतूंच्या मागे जाते आणि काठीत रेषा टोकापासून टोकापर्यंत धावते. करवत सरळ जाते, तंतू जातील तिकडे जावोत. दुकानात मिळणाऱ्या गोल काठ्या बहुतेक करवतीच्या असतात. एक जाता जाता: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. गजानं न लागलेली आग फडक्यानं लागायची.

लाकडाची आणखी एक खोड सल्ल्यात कधीच येत नाही. टोकाची पितळी टोपी नुसती चिकटवलेली असेल तर नळी पुसताना चकती अडकते, गज ओढला की टोपी आत राहते आणि हातात नुसती काठी येते. टोपीतून आरपार खिळा ठोकलेला हवा. हे घरीही करता येतं, पण विकत घेतलेल्या नव्या रायफलीत तो असेलच असं धरून चालू नका.

राहिले ते जुने शिकारी. ते वेडे नव्हतेच. मीटरभर लांबीचा ८ मिलिमीटरचा हिकरीचा गज सुमारे ४० ग्रॅम भरतो, तसाच पितळेचा सव्वाचारशेच्या आसपास. दिवसभर डोंगर तुडवणाऱ्यानं कोणता घ्यावा हे सांगायला नको. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं चिवट झाड, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलात मुबलक. कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच. गज मोडला तर सुरीनं दुसरा घडवता यायचा, लोखंडासाठी मात्र लोहार आणि पैसा लागला असता. आणि शिकाऱ्याला दिवसात मोजके बार काढायचे असत.

ज्यांना एका मिनिटात दोन-तीन बार काढायचे होते त्यांनी लाकूड केव्हाच टाकलं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात आनहाल्ट-देसाऊच्या लिओपोल्ड या सेनानीनं सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या रेजिमेंटला लोखंडी गज दिले आणि १७१८ च्या सुमारास ते सगळ्या पायदळात आले. १० एप्रिल १७४१ च्या मोलवित्झच्या लढाईत प्रशियन पायदळाच्या झपाट्याचं श्रेय कवायतीबरोबर या गजालाही दिलं जातं. पुढे ब्रिटिशांनी आणि फ्रेंचांनीही तीच वाट धरली. या बंदुकांना खाचा नव्हत्या असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. मग १८०० ची ब्रिटिशांची बेकर रायफल घ्या: खाचा होत्या, गज पोलादी. १८५३ ची एनफिल्ड घ्या. १८५७ च्या काडतुसांमुळे ती आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण त्या काडतुसातली गोळी ज्यानं ठासायची तो गज पोलादाचा होता, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६१ ची स्प्रिंगफील्डही तशीच. पोलाद खरंच खाचा खात असतं तर या रायफली एका मोहिमेत गुळगुळीत झाल्या असत्या.

माझं मत विचाराल तर एका रायफलीला दोन गज लागतात. नळीखाली कड्यांत राहणारा हिकरीचा, हलका, सरळ रेषेचा, टोपीला खिळा ठोकलेला. तो शिकारीला आणि अडीनडीला. मैदानावर दिवसभर भरायला आणि घरी धुवायला पितळेचा किंवा पोलादाचा, वर मोठी मूठ आणि तोंडाशी बाही. या दुसऱ्या गजाला रायफलीखाली मावायचं बंधन नाही, म्हणून तो नळीपेक्षा लांब घ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात मूठ नळीच्या तोंडापासून लांब राहते.

लाकडी गज निवडताना तो डोळ्यासमोर आडवा धरून सावकाश फिरवा. रेषा एका बाजूनं शिरून चार बोटांच्या आत दुसरीकडून बाहेर पडत असेल तर परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. घेतल्यावर दोन्ही गजांवर दोन खुणा करा: रिकाम्या नळीत गज बुडाला टेकतो तिथे एक, आणि नेहमीचा बार भरल्यावर तो जिथे थांबतो तिथे दुसरी. रायफल हातात घेतली की आधी नळीत गज सोडून बघायचा. दुसरी खूण तोंडाशी आली तर बार भरलेला आहे. ती खूण तोंडाच्या बोटभर वरच थांबली तर गोळी दारूवर टेकलेली नाही आणि मध्ये पोकळी राहिली आहे. अशी रायफल उडवली तर नळी फुगू किंवा फुटू शकते, म्हणून आधी गोळी खाली दारूपर्यंत ढकलायची, म्हणजे खूण तोंडाशी येते.