डोके दुखते म्हणणाऱ्याला उपदेश नको

आज दुपारी आमच्या कार्यालयात एका मुलीने डोकेदुखीमुळे अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा साहेबांनी मान वर न करता "टेन्शन कमी घेत जा" एवढेच सांगून अर्ज बाजूला सरकवला आणि आजूबाजूची मंडळी हसली. मला संताप आला तो त्या हसण्याचा.

माझी मामी बँकेत होती. मार्चअखेरची सारी धावपळ ती निभावून न्यायची आणि हिशेब जुळल्यानंतरच्या रविवारी नेमके तिचे अर्धे डोके ठणकू लागायचे. पडदे ओढून, कपाळाला ओढणी करकचून बांधून, उशाशी बादली घेऊन ती पडून राहायची. आणि बाहेर चर्चा चालायची की हिचे डोके सुट्टीच्याच दिवशी कसे दुखते! अहो, ताण उतरल्यावर अर्धशिशी उठणे हे कितीतरी जणांच्या बाबतीत घडते. मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, आणि उपचार न केल्यास हे ४ ते ७२ तास चालते.

ताणाची डोकेदुखी याहून वेगळी. ती डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी दोन्ही बाजूंनी दाबते, अर्ध्या तासात थांबते किंवा आठवडाभर रेंगाळते. चालण्याफिरण्याने ती वाढत नाही, म्हणून माणूस काम करत राहतो आणि इतरांना वाटते, याला काही झालेलेच नाही. काळजीने आणि अपुऱ्या झोपेने ती बळावते, मग पुन्हा दुखेल या धास्तीने काळजी वाढते. दुखणे काळजीतून आले म्हणून ते खोटे ठरते का? शिकल्यासवरल्या माणसांना हे सांगावे लागते!

काही जण डोकेदुखीचा बहाणा करतात, हे मान्य. त्याची शिक्षा मामीला कशासाठी?

मामीने पुढे कोणाला सांगणेच सोडले. सकाळच्या चहाबरोबर एक गोळी, गरज पडल्यास दुपारी दुसरी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा त्याहून अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखत राहू शकते, हे तिला फार उशिरा एका मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी औषध बदलले, शिवाय झोप किती लागते, घरी काय चालले आहे, काळजी कसली वाटते, हेही विचारले. त्या प्रश्नांनीच आपल्याला रडू कोसळले, असे मामी सांगते. इतकी वर्षे घरातल्या कोणीही ते विचारले नव्हते.

लिहिता लिहिता माझा राग थोडा निवळला आहे, म्हणून कामाचे सांगतो. क्षणात असह्य झालेली डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, अडखळणारी जीभ किंवा लुळा पडलेला हात दिसला, तर ताणाचे नाव न घेता तडक रुग्णालय गाठावे. एरवी ज्यांचे डोके वारंवार दुखते त्यांनी ते कधी, कुठे, किती वेळ दुखले, आदल्या रात्री झोप कशी होती आणि कोणती गोळी घेतली, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. घरातल्या बाकीच्यांनी त्या दिवशी टीव्हीचा आवाज कमी करावा आणि कुकर स्वतः लावावा.