माशांचे पथ्यपाणी

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरात त्याने एक तारा तुटलेली गिटार आणि 60 लिटर पाण्याची काचेची टाकी मागे ठेवली. गिटारीला खायला लागत नाही, त्यामुळे तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. टाकीत मात्र बारा निऑन टेट्रा आणि सहा गप्पी मासे होते. "बाबा, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं टाकायचं, एवढंच," असे सांगून तो बसमध्ये चढला. पस्तीस वर्षे शाळेत शिकवूनही 'एवढंच' या शब्दावर मी विश्वास ठेवला, हा सर्वस्वी माझाच दोष होय.

आषाढातल्या एका सकाळी टेट्रांच्या अंगावर पांढरे कण दिसले. सौभाग्यवतींनी डोकावून पाहिले आणि "अहो, टाकीत रवा कुणी सांडला?" असे विचारले. रवा असता तर तो विरघळला नसता तरी निदान तळाशी गेला असता. हे कण माशांबरोबर पोहत होते. शिवाय गोठ्यातली म्हैस खांबाला अंग घासते तसे एकेक मासे तळच्या दगडावर कुशी घासून जात होते. दुकानदाराने मोबाईलवरचा फोटो पाहिला आणि काहीच झालेले नसल्याच्या थाटात सांगितले, "इच आहे ओ सर. पावसाळ्यात सगळ्यांच्याकडे येतो." बेळगावचा पाऊस सुरू झाला की पाणी गारठते, गारठ्याने उष्ण प्रदेशातल्या माशांची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि टाकीत दबा धरून बसलेला हा परजीवी त्यांच्या कातडीत शिरतो. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. ते नीट उच्चारता येईपर्यंत आमचे दोन टेट्रा गेले.

या रोगाची खरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण म्हणतो, अशी की दिसणारा ठिपका औषधाला दाद देत नाही. तो माशाच्या कातडीखाली सुरक्षित बसलेला असतो. पोट भरले की तो गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो, आत शेकडो पिल्ले तयार करतो, आणि ही पिल्ले नव्या माशाच्या शोधात मोकळी पोहत निघाली की त्या एक-दोन दिवसांतच काय ती मारता येतात. म्हणून पाणी हळूहळू तापवून त्याचे हे चक्र लवकर फिरवायचे आणि औषध घेऊन वाटेत उभे राहायचे. हीटर लावून रोज एकेक अंश चढवत मी 24 वरून 29 अंशांपर्यंत पोचलो, आणि नेमकी त्याच रात्री वीज गेली. घरातली जुनी घोंगडी मी टाकीला गुंडाळली आणि स्वतः शाल पांघरून शेजारी बसलो.

मिठाचा प्रसंग याहून नाजूक होता. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने 60 ग्रॅम जाडे मीठ मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत होतो. रक्तदाबामुळे ज्याच्या आमटीत मोजून मीठ पडते, त्याच्याच हातून माशांना मूठभर मीठ जाताना पाहून सौभाग्यवतींच्या मुद्रेवर जे भाव उमटले, ते मी येथे लिहीत नाही. त्यातही गप्पीला मीठ मानवते आणि टेट्राला फारसे सोसत नाही. म्हणजे एका पंगतीत दोन पथ्ये. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर चिनी होता. पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून आमच्या या सीमाभागात किती वर्षे वाद चालला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. या बाटलीने मराठी आणि कन्नड दोघांनाही अगदी समान न्याय दिला होता. तीन दिवस औषध घालून गुण येईना, तेव्हा मुलाने फोनवर विचारले, "फिल्टरमधला कोळसा काढलात ना?" काढला नव्हता. तो कोळसा इमानेइतबारे सगळे औषध शोषून घेत होता. माझी हिरवीनिळी झालेली बोटे पाहून खडेबाजारात एका ओळखीच्याने विचारले, "मतदान कुठं होतं ओ?"

आजारी माणसाला पेज, तसे आजारातून उठलेल्या माशांना जिवंत खाद्य. दुकानातून आणलेले ट्युबिफेक्स हे बारीक तांबडे जंत गटाराच्या गाळात वाढतात, म्हणून ते वारंवार धुऊन, थोड्या पाण्यात, गार जागी ठेवायचे असतात. गार जागा म्हणजे फ्रिज. मी ते स्टीलच्या डब्यात घालून कुंद्याच्या डब्याशेजारी ठेवले. रविवारी पाहुणे आले, सौभाग्यवतींनी कुंदा म्हणून डबा उघडला, आणि आतला तांबडा गोळा वळवळत एकदम आक्रसला. त्या दिवसापासून फ्रिजला मला हात लावायचा नाही असे ठरले. मग आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडून उबवून पाहिली. ती चोवीस तासांत फुटायला हवी होती, पण आमच्या गारठ्यात दीड दिवस लागला आणि निघालेली सगळी पिल्ले दोन मिनिटांत फस्त झाली.

शेवटी लक्षात आले की फुकट खाद्य तर वरूनच पडते आहे. गच्चीवर पाण्याची एक बादली ठेवली. चार दिवसांत तीत डासांच्या अळ्या डोके खाली करून लटकू लागल्या. चहाच्या गाळणीने त्या काढून टाकीत टाकल्या की टेट्रांच्या निळ्या पट्ट्या विजेसारख्या लकाकत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर बादली रिकामी करायची, असा माझा चोख हिशेब होता. खानापूरला एका लग्नासाठी तीन दिवस गेलो, तो हिशेब तेवढा चुकला.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दारात आशाताई उभ्या. कर्नाटक सरकारने 2024 मध्ये डेंग्यूला साथरोग ठरवले, आणि शहरात घरी डासांची पैदास सापडली तर 400 रुपये दंड आहे. गच्चीवर जाऊन त्यांनी बादलीत बॅटरी मारली. "काय ओ काका, डास पाळलासा काय?" मी मास्तरी आवाज काढून समजावले की अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते स्वतः विहिरींत गप्पी सोडते, आणि माझ्याकडे तेच गप्पी आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मासे बादलीत सोडा की ओ. माशांसाठी बादली कशाला?"

यावर मला उत्तर सुचले नाही. बादली त्यांनी स्वतःच गच्चीवर पालथी केली, दंडाची पावती मात्र फाडली नाही. जाताना त्यांनी आपल्या घरच्या हौदासाठी गप्पीची एक जोडी मागितली, आणि सौभाग्यवतींनी फ्रिजमधून बाद झालेला तोच स्टीलचा डबा मोठ्या आनंदाने पुढे केला. फाटकापर्यंत जाऊन आशाताई परत वळल्या.

"काका, हौदातल्या अळ्या संपल्या की ह्यांना खायला काय घालू ओ?"