उंदीरही खेळकर असतात

पाणमांजरं आणि डॉल्फिन यांच्या खेळकरपणावरचा लेख आवडला, पण उंदीर राहून गेले याची चुटपुट लागली. मेंदूशास्त्रज्ञ याक पँक्सेप यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की गुदगुल्या केल्यावर उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्याला ऐकूच येणार नाही असं चिवचिवतात आणि पुन्हा त्याच हातामागे धावतात! २०१९ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी तर त्यांना लपाछपी शिकवली. बक्षीस खाऊचं नव्हतं, गुदगुल्यांचं आणि दंगामस्तीचं. किती सुंदर आहे हे! आनंद एकट्याने कमवायचा असतो हे आपल्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. खेळताना दांडगा कुत्रासुद्धा कितीदा मुद्दाम उताणा पडतो, पिल्लाला वरचढ होऊ देतो. पिल्लू कंटाळून निघून गेलं, तर त्याचाही खेळ संपतो ना.